भाड्याची विजेची मोटार : मुदत संपल्यावर ठेवावी की परत द्यावी?



उसाच्या पत्रकात मोटारीचे काय काम, असे काहींस वाटेल. परंतु गेल्या दोन गळीत हंगामांपासून गट कार्यालयात नोंदीसाठी येणारे सभासद उसाबरोबर हाही प्रश्न विचारू लागले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रश्न साधारण असा असतो. मुलगा पुण्यास नोकरीला. त्याने कंपनीमार्फत विजेवर चालणारी मोटार लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्याने घेतलेली. दरमहा पगारातून भाडे कापले जाई. आता तीन-चार वर्षांची मुदत संपत आली आणि लीज कंपनीचे पत्र आले की, अमुक लाख भरा व गाडी नावावर करून घ्या, नाहीतर परत द्या. पोरगं म्हणतं, "आण्णा, उसाचं बिल आलं की तेवढे भरा. गाडी गावाकडं राहील, तुम्हालाच होईल."

म्हणजे पैसा शेवटी उसाचा जाणार. आणि तो किती, हे आधी आपल्या मापात मोजून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरविलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा जाता सभासदाच्या हाती टनामागे समजा २,७०० रुपये पडले, तर ६ लाख ४० हजारांच्या गाडीसाठी सुमारे २३७ टन ऊस लागतो. एकरी ४० टनांचा उतारा धरला तरी जवळजवळ सहा एकरांचे वर्षाचे पीक झाले. बियाणे, खत, पाणी, मजुरी यांचा खर्च त्यातून अजून वजा व्हायचाच आहे. एवढी रक्कम "पोरगं म्हणतं" एवढ्यावर देऊ नये, आणि "विजेची गाडी म्हणजे खेळणं" असे म्हणून नाकारूही नये. हिशेब करावा.

लीज म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. आपण जमीन ठोक्याने देतो-घेतो, तसेच हे. मालक लीज कंपनी, वापरणारा आपला मुलगा. फरक एवढाच की जमीन ठोका संपल्यावर होती तेवढीच राहते, मोटार मात्र झिजते. म्हणून करार करतानाच लीज कंपनी ठरवून ठेवते की चार वर्षांनी या गाडीची किंमत किती उरेल. ही झाली अखेरची किंमत. गाडीच्या मूळ किमतीतून ही अखेरची किंमत वजा करून जे उरते ते, व्याज व कंपनीचा नफा धरून, मासिक भाड्यात वाटले जाते. बहुतेक करारांत विमा आणि सर्व्हिसिंगही भाड्यातच असते. भाडे पगारातून वळते झाल्याने आयकरातही थोडी सवलत मिळते. मुदत संपली की ही सवलत संपते, हे मुलाने ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. आलेल्या पत्रातली किंमत आजची नाही. ती चार वर्षांपूर्वी अंदाजाने लिहिलेली आहे. पेट्रोल गाडीच्या बाबतीत हा अंदाज फार चुकत नाही, कारण जुन्या पेट्रोल गाड्यांचा बाजार कित्येक वर्षांचा आहे. विजेच्या गाड्यांचे तसे नाही. टाटाची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा शोरूमची सुरुवातीची किंमत १३ लाख ९९ हजार होती. सप्टेंबर २०२३ मध्ये नवीन रूप आले, तेव्हा ती १४ लाख ७४ हजार झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये थोडी उतरली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, सणाच्या तोंडावर, १२ लाख ४९ हजारांवर आली. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमत आपोआप पडते. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, विजेच्या गाड्यांवरील ५ टक्केच राहिला. त्यामुळे दोहोंमधले अंतर कमी होऊन जुन्या विजेच्या गाडीला आणखी स्पर्धा आली.

किमतीबरोबर गाडीची जातही बदलत गेली. शासकीय कार्यालयांना भाड्याने देण्यासाठी केंद्राच्या अखत्यारीतील ईईएसएल कंपनीने २०१७ मध्ये दहा हजार विजेच्या मोटारींची निविदा काढली. टाटाच्या टिगोर आणि महिंद्राच्या ई-व्हेरिटो या गाड्या त्यातून आल्या. आपल्या राज्य शासनानेही २०१८ मध्ये ईईएसएलशी करार केला होता. त्या वेळच्या टिगोरची प्रमाणित पल्ल्याची मर्यादा एका चार्जिंगला १४२ किलोमीटर होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये तीच गाडी मोठ्या बॅटरीसह २१३ किलोमीटरची झाली आणि २०२१ च्या नव्या टिगोरचा आकडा ३०६ वर गेला. चार वर्षांत दुपटीहून अधिक! उसाच्या जातीही बदलतात, पण इतक्या भराभर नाही. ज्याने जुन्या टिगोरची अखेरची किंमत २०१८ मध्ये कागदावर लिहिली, त्याला हे कसे दिसणार होते?

म्हणून पहिले काम असे की, पत्र बाजूला ठेवावे व पुण्यातील दोन-तीन जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांकडे चौकशी करावी. त्याच सालची, त्याच जातीची, तेवढीच चाललेली गाडी आज कितीला मिळते? समजा करारात ६ लाख ४० हजार लिहिले आहेत आणि बाजारात तशीच गाडी साडेपाच लाखांना मिळते. मग आपण ९० हजार रुपये निव्वळ सही करण्याबद्दल देणार. उलट बाजारभाव सात लाख असेल तर गाडी न घेणे म्हणजे ६० हजार सोडून देणे. काही लीज कंपन्या बोलणी करतात, कारण परत आलेली गाडी नेणे, उभी करणे, विकणे हा त्यांनाही व्याप असतो. विचारून बघावे. नाही म्हणाले तरी आपले काही जात नाही.

इथे एक अडचण हमखास येते, ती मनाची. मुलगा म्हणतो, "चार वर्षं भाडं भरलं, आता गाडी सोडली तर सगळं वाया जाईल." हा विचार चुकीचा आहे. भाडे गाडी वापरल्याबद्दल होते. गाडी वापरली, हिशेब मिटला. आपण खोडवा ठेवायचा की मोडायचा हे कशावरून ठरवतो? लागणीला बेणे किती लागले, खताला किती घातले, यावरून नव्हे. रानात जाऊन बुडखे पाहतो. फुटवे कसे आहेत, तुटाळ किती पडली, नांग्या भरून भागेल का, गवताळ वाढीचा रोग आहे का, पुढे पाणी पुरेल का. फुले २६५ चा खोडवा चांगला येतो म्हणून कोणी रोगट बेटे राखीत नाही, आणि लागणीला खर्च फार झाला म्हणून तर मुळीच नाही. मोटारीचेही तसेच. गेलेले भाडे विसरावे आणि बुडखा पाहावा. विजेच्या गाडीचा बुडखा म्हणजे तिची बॅटरी.

विजेच्या गाडीत इंजीन नाही, क्लच नाही, ऑइल बदलणे नाही. मोटर सहसा त्रास देत नाही. सगळा जीव बॅटरीत आहे, आणि गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा एकच तुकडाही तोच. ही बॅटरी एकदम मरत नाही, हळूहळू आटते. अनेक गाड्यांच्या नोंदी पाहता ही घट साधारण वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे चार वर्षांनी नव्वद-ब्याण्णव टक्के ताकद शिल्लक असावी. पण हे सरासरीचे झाले. ऊन, रोजचे जलद चार्जिंग, आणि शंभर टक्के भरून किंवा पूर्ण रिकामी करून दिवसचे दिवस उभी ठेवणे, या तीन गोष्टींनी बॅटरी लवकर म्हातारी होते.

उन्हाबद्दल आपण बीडकरांनी विशेष जपावे. अमेरिकेत ॲरिझोना हे राज्य फार उष्ण आहे. तेथे निसानच्या लीफ गाड्यांची ताकद अपेक्षेपेक्षा लवकर घटल्याच्या तक्रारी २०१२ मध्ये पुष्कळ झाल्या. त्या गाडीची बॅटरी द्रवाने थंड ठेवण्याची सोय नव्हती. आपल्याकडील नेक्सॉनसारख्या गाड्यांत ही सोय आहे. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे. वैशाख-ज्येष्ठात पत्र्याखाली, दुपारच्या उन्हात गाडी चार्जिंगला लावू नये. रात्री किंवा पहाटे लावावी.

बॅटरी तपासायची कशी? कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन बॅटरीच्या आरोग्याचा टक्का कागदावर मागावा. तोंडी "चांगली आहे साहेब" यावर विसंबू नये. शिवाय स्वतः एक परीक्षा करावी, तिला फुकट पडते. गाडी शंभर टक्के भरून रोजच्या वाटेने दहा-पंधरा टक्के उरेपर्यंत चालवावी, किलोमीटर लिहून घ्यावेत. जाहिरातीतला आकडा मनात धरू नये. नेक्सॉनच्या पहिल्या, ३०.२ युनिट क्षमतेच्या गाडीचा प्रमाणित आकडा ३१२ किलोमीटर होता, प्रत्यक्षात नवी असतानाही दोनशेच्या आसपासच धरून चालावे. आपली गाडी नवी असताना किती जाई आणि आता किती जाते, हे मुलाला चांगले ठाऊक असते. लीजची गाडी घेण्यात मोठा फायदा हाच. बाजारातली जुनी गाडी कोणी कशी हाकली ते कळत नाही. ही आपल्याच घरात चाललेली आहे. कुठे आपटली, पावसाळ्यात कधी पाण्यात उभी राहिली का, रोज जलद चार्जरवर लावत होता का, हे मुलाला विचारावे. त्याने खरे सांगावे, बापाशी लीज एजंटासारखे बोलू नये.

यानंतर वॉरंटी. बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोवर हमी असते. चार वर्षांची गाडी घेतल्यास निम्मी हमी शिल्लक राहते, ही जमेची बाजू. पण अलीकडे काही कंपन्यांनी "आजन्म हमी" जाहीर केली आहे, त्यातली मेख समजून घ्या. एमजीच्या विंडसर गाडीची आजन्म हमी पहिल्या मालकापुरतीच आहे. टाटानेही जुलै २०२५ मध्ये नेक्सॉनच्या ४५ युनिटांच्या गाडीला व कर्व्हला अशी हमी दिली, तीही पहिल्या मालकास. आता लीजच्या गाडीचा पहिला मालक कोण? आरसी बुकावर नाव लीज कंपनीचे आहे. आपल्या मुलाने पहिल्या दिवसापासून गाडी चालविली तरी कागदोपत्री तो दुसरा मालक ठरतो. तेव्हा नाव बदलल्यावर हमी किती वर्षे, किती किलोमीटर राहील, हे गाडी बनविणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्यावे. हमीत बॅटरी किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून मिळते तेही त्यातच विचारावे, कारण प्रत्येक कंपनीची मर्यादा निराळी.

(विंडसर गाडीचा दुसराही एक प्रकार आहे, त्यात गाडी आपली व बॅटरी भाड्याची. सप्टेंबर २०२४ मध्ये ती आली तेव्हा गाडीला ९ लाख ९९ हजार आणि बॅटरीला किलोमीटरमागे साडेतीन रुपये असा हिशेब होता. अशी गाडी कोणाकडे असेल तर आजचा लेख तिला तसाच लागू पडणार नाही.)

बॅटरी ठीक निघाली, किंमतही बाजाराला धरून आहे. मग पुढचा प्रश्न, गाडी राहणार कुठे? पुण्यात मुलाकडेच राहणार असेल तर बरेच सोपे आहे. सर्व्हिस सेंटर जवळ, चार्जर जवळ, आणि रोजचे चालणे भरपूर. गावाकडे आणायची असेल तर चार गोष्टी अधिक पाहाव्या लागतात.

पहिली वीज. गाडी घरच्या १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर भरते, त्याला ३० युनिटांच्या बॅटरीस नऊ-दहा तास लागतात. म्हणजे रात्रभर वीज टिकली पाहिजे. आपल्याकडे वळवाच्या पावसात तार तुटली की काय होते हे सांगायला नको. संध्याकाळी दाब कमी असेल तर चार्जिंग रेंगाळते किंवा बंद पडते. अर्थिंग नीट नसेल तर पुष्कळ चार्जर सुरूच होत नाहीत, लाल दिवा लागतो आणि आपण गाडी बिघडली असे समजतो. उन्हाळ्यात आपली जमीन कोरडी पडते, अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. त्यात कोळसा-मीठ घालून अधूनमधून पाणी सोडावे. मीटरपासून सॉकेटपर्यंतची वायर वायरमनकडून तपासून घ्यावी. वीस वर्षांपूर्वीच्या वायरीवर रात्रभर तीन किलोवॅट ओढणे धोक्याचे आहे.

आणि हे फार महत्त्वाचे : विहिरीवरच्या शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नये. "वीज तीच, मीटर आपलाच" असे काहीजण म्हणतात. शेतीसाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर होतो व त्याची आकारणी दुप्पट दराने होते. घराच्या मीटरवरच लावावे. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो, शंभर युनिटांच्या वर निराळा, तीनशेच्या वर आणखी निराळा, हे मात्र हिशेबात धरावे. ज्यांनी छतावर सौर पॅनेल बसविले आहेत (प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान आहे) त्यांना गाडी पुष्कळ स्वस्तात पडेल.

दुसरी गोष्ट अंतराची. बीड ते छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर. दोनशेच्या गाडीने जाणे होते, येताना तिथे चार्जिंग केल्याशिवाय निघता येत नाही. पुण्याला तर वाटेत एक मुक्काम चार्जरवर करावाच लागतो. नकाशात चार्जर दिसणे वेगळे आणि आपण पोचू तेव्हा तो चालू असणे वेगळे. आधी फोन करून निघावे. घाट चढताना टक्का भरभर उतरतो, उतरताना थोडा परत मिळतो, त्याने घाबरू नये. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर टोलमाफी ठेवली आहे, पण आपल्या बीड-पुणे वाटेवर यांतले काहीच येत नाही.

तिसरी दुरुस्तीची. गावातला मेकॅनिक टायर, ब्रेक बघेल. मोठ्या दाबाच्या वायरींना त्याने हात लावता कामा नये. गाडी अडली तर शहरात न्यावी लागेल, तीही टोचन करून नव्हे, ट्रकवर चढवून. आणि उंदीर! खळ्यात, पाचटाजवळ गाडी लावली की उंदीर वायरी कुरतडतात. नारिंगी वायर कुरतडली तर खर्च हजारांत नव्हे, त्याहून वर जातो. विम्यात हे बसते का, हे पॉलिसी घेतानाच विचारावे.

चौथी आणि बहुतेक लोक विसरतात ती म्हणजे चालणे. विजेच्या गाडीची बचत ती चालण्यातच आहे. महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी गाडी धरू. युनिटला साडेसहा किलोमीटर आणि चार्जिंगमधली गळती धरून सुमारे १७७ युनिटे लागतील. युनिट ११ रुपये धरल्यास १,९५० रुपये. पेट्रोलची गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल तर साडेबासष्ट लिटर, लिटर १०४ रुपये धरल्यास ६,५०० रुपये. बचत महिन्याला साडेचार हजार, वर्षाला ५४ हजारांच्या जवळपास. आता हीच गाडी गावात महिन्याला तीनशे किलोमीटर चालली तर वर्षाची बचत १६ हजारांवर येते. इकडे ६ लाख ४० हजार ठेवीत राहिले असते तर ७ टक्क्यांनी वर्षाला ४४ हजार ८०० व्याज आले असते. व्याज गेले, बचत १६ हजार. यात गाडीची पुढची झीज आणि विमा अजून धरलेलाच नाही.

माझे स्पष्ट मत असे की, आठवड्याच्या बाजाराला, लग्नकार्याला आणि कधी दवाखान्याला लागेल म्हणून गावात उभी ठेवण्यासाठी ही गाडी घेऊ नये. उभ्या गाडीची बॅटरी पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते, आतली लहान १२ व्होल्टची बॅटरी उतरली तर दारसुद्धा धड उघडत नाही. ज्याचे रोजचे चालणे पन्नास-साठ किलोमीटर आहे, रात्री घरी येतो, घरी पक्की वीज आहे, त्याला मात्र चार वर्षांची चांगल्या बॅटरीची गाडी बाजारभावात मिळत असेल तर ती फायद्याचीच. माजलगाव, अंबाजोगाई, केज अशा गावांत दुकान वा शाळेसाठी रोज जाणे-येणे करणाऱ्या सभासदांच्या घरांत असे वापरणारे आहेत.

घेऊही नये आणि सोडूही नये, असा तिसरा मार्ग काही करारांत असतो. मुदत सहा महिने-वर्षभर वाढवून मिळते. भाडे कमी करून मिळत असेल तरच तो पत्करावा. झिजलेल्या गाडीला नव्या गाडीचे भाडे का द्यावे? आपल्या राज्य परिवहन महामंडळाने ५,१५० विजेच्या बसगाड्यांसाठी केलेला करार पाहा. तो भाडेतत्त्वावरचा, किलोमीटरमागे पैसे देण्याचा. बॅटरीची काळजी ठेकेदाराची. एवढी मोठी संस्था भाड्याने वापरते, म्हणजे भाड्याने वापरणे हा कमीपणा नाही. मुले परदेशी असलेल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. अमेरिकेत टेस्लाने लीज संपल्यावर गाडी विकत देणे २०२२ पासून सर्वच गाड्यांना बंद केले होते व २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू केले. म्हणजे विकत घेण्याचा हक्क सगळीकडे आपोआप नसतो. करारात लिहिला असेल तरच तो असतो.

घ्यायचे ठरले तर कागदपत्रांत घाई करू नये. पत्रातल्या किमतीत जीएसटी धरला आहे का, हे आधी विचारावे. जीएसटी परिषदेने २१ डिसेंबर २०२४ च्या बैठकीत ठरविल्याप्रमाणे, नोंदणीकृत व्यापाऱ्याने जुनी गाडी विकली, मग ती विजेची का असेना, तर १८ टक्के कर लागतो. पण तो पूर्ण किमतीवर नव्हे, नफ्यावर. कंपनीने आयकरात घसारा घेतला असेल तर विक्री किंमत वजा घसारा जाता उरलेली किंमत, हा फरक म्हणजे नफा. समजा घसारा जाऊन ४ लाख उरले व विक्री ६ लाख ४० हजारांना, तर २ लाख ४० हजारांवर ४३ हजार २०० कर. पूर्ण रकमेवर १८ टक्के लावून कोणी १ लाख १५ हजार मागितले तर हिशेब लेखी मागावा. मुलाने पुढे ती गाडी घरगुती व्यवहारात दुसऱ्या कुणास विकली, तर त्यावर हा कर नाही.

आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, ते पैसे भरण्यापूर्वी पाहावे. गाडीची मालक लीज कंपनी असली तरी तिने ती कर्ज काढून घेतलेली असू शकते. दिल्ली, बंगळूर व मुंबईत विजेच्या टॅक्सी चालविणारी ब्लूस्मार्ट एप्रिल २०२५ मध्ये बंद पडली. तिला गाड्या भाड्याने देणाऱ्या जेनसोल कंपनीबाबत सेबीने १५ एप्रिल २०२५ ला अंतरिम आदेश काढला. ६,४०० गाड्यांसाठी कर्ज घेऊन ४,७०४ च घेतल्याचे त्यात नमूद आहे. अशा टॅक्सीत चाललेल्या गाड्याही बाजारात येतात. टॅक्सीच्या विजेच्या गाडीची हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, घरगुती गाडीची पांढरी. स्वस्त दिसली तरी पाटी कोणती होती ते विचारावे.

पैसे भरल्यावर फॉर्म २९ व ३० वर लीज कंपनीची सही, बोजा असल्यास तो उतरविण्याचा फॉर्म ३५, आणि गाडी पुण्याच्या एमएच-१२ किंवा पिंपरीच्या एमएच-१४ मधून बीडच्या एमएच-२३ अथवा अंबाजोगाईच्या एमएच-४४ कडे आणावयाची असल्यास फॉर्म २८ चे ना-हरकत पत्र, एवढे लागते. विमा त्याच दिवशी नव्या नावावर करून घ्यावा. लीज कंपनीच्या नावाच्या विम्यावर गाडी चालवून अपघात झाला तर भरपाईला अडचण येते. दुसऱ्या चावीसह चार्जिंगची केबलही ताब्यात घ्यावी. ती पुण्यातच राहिली तर नवी घ्यावी लागते व ती महाग असते.

बहुतेक करारांत गाडी ठेवणार की देणार हे मुदतीच्या दोन-तीन महिने आधी कळवावयाचे असते. न कळविल्यास काहीजणांचे भाडे पुढे चालूच राहते. परत द्यायची असेल तर ओरखडे, टायर व जादा किलोमीटर यांचे पैसे कापले जातात, तो तक्ताही करारातच असतो. ज्या सभासदांना करार वाचून घ्यायचा असेल त्यांनी त्याची प्रत व बॅटरी तपासणीचा कागद घेऊन सोमवारी, साखर आयुक्तांचे कुठले पत्र अंगावर नसेल त्या दिवशी, शेतकी विभागात यावे.

— ऊस विकास अधिकारी